लघवीतून फॉस्फरस कुणाच्या सांगण्यावरून जातो?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे सातपूरच्या एका औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहेत, शिक्षण बीएस्सी बायोकेमिस्ट्री. त्यांच्या वहिनी ३८ वर्षांच्या, सिडकोत राहतात. पाळीत फार रक्त जाऊन हिमोग्लोबिन ६.८ वर आलं होतं, म्हणून फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजची (शिरेतून द्यायच्या लोहाची) दोन सलाईन आठवड्याच्या अंतराने लावली. हिमोग्लोबिन १०.९ पर्यंत चढलं. पण तीन आठवड्यांनी मांड्या भरून यायला लागल्या, जिना चढवेना, बरगड्या दाबल्या की दुखतात. तपासणीत रक्तातला फॉस्फरस १.४, म्हणजे बराच कमी, आणि क्रिएटिनिन (किडनी किती गाळते ते दाखवणारा आकडा) ०.७, म्हणजे ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, लघवीतून फॉस्फरस जातोय. आता घरच्यांचा प्रश्न, किडनी खराब झाली का? आणि विचारणाऱ्यांचा स्वतःचा प्रश्न, किडनीच्या पेशीला फॉस्फरस सोड किंवा धर हे सांगतं कोण, आणि पेशी ते करते कसं?

घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे: नाही, किडनी शाबूत आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर लांबेल.

गंगापूर धरणातून जायकवाडीसाठी पाणी सोडलं की नाशिकमध्ये ओरड होते, पण धरणाला भोक पडलंय असं कुणी म्हणत नाही. दरवाजे धड असतात, उघडण्याचा आदेश वरून आलेला असतो. वहिनींच्या किडनीचं हुबेहूब तसंच चाललंय. म्हणून अशा रुग्णात मी आधी आदेश कुणी दिला ते शोधतो, दरवाजाकडे नंतर बघतो. याच्या उलटही एक प्रकार असतो, जिथे दरवाजाच कुजलेला असतो. त्याकडे पुढे येतो.

आधी हिशेब मांडू. द्राक्षबागेत ठिबकमधून ०:५२:३४ खत सोडणाऱ्या आमच्या निफाड-दिंडोरीकडच्या मंडळींना स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस, काय असतं हे समजवावं लागत नाही. तेच स्फुरद आपल्या अंगात साधारण ७०० ग्रॅम असतं. त्यातलं सुमारे ८५ टक्के हाडा-दातांत, बाकीचं बहुतेक स्नायू आणि इतर पेशींत. रक्तात आणि पेशींबाहेरच्या पाण्यात जेमतेम १ टक्का. आपण रिपोर्टमध्ये बघतो तो आकडा या १ टक्क्यातला. मोठ्या माणसात तो एका डेसिलिटरला २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असावा. वाढत्या मुलांत जास्त असतो, आणि मुलाचा ५.५ बघून घाबरलेले आईवडील माझ्याकडे दर दोन महिन्यांनी एकदा तरी येतात.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर पाणी गाळतात. रक्तातला फॉस्फरस ३.५ धरला तर लिटरमागे ३५ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला सहा ग्रॅमच्या वर फॉस्फरस गाळणीतून खाली नळीत उतरतो. सगळाच वाहून गेला तर हाडं किती दिवस पुरतील? म्हणून त्यातला ८० ते ९० टक्के परत उचलला जातो आणि उरलेला, साधारण जेवढा पोटातून आत आला तेवढाच, लघवीतून जातो. उचलण्याचं हे काम जवळजवळ सगळं नळीच्या पहिल्या, नागमोडी भागात होतं. पुढे फॉस्फरसला फारसं कुणी विचारत नाही.

या पहिल्या भागातल्या पेशीचं एक अंग नळीतल्या पाण्याकडे असतं आणि त्यावर ब्रशच्या केसांसारखे बारीक झुबके असतात. त्या झुबक्यांवर फॉस्फेट (रक्तात आणि लघवीत फॉस्फरस याच रूपात असतो) आत घेणारी वाहक प्रथिनं बसलेली असतात. मुख्य दोन, सोडियम-फॉस्फेट वाहक २-ए आणि २-सी. तिसरा पिट-२ नावाचा एक लिंबूटिंबू. पहिला १९९३ मध्ये झुरिकला हायनी मुरेर यांच्या गटाने जनुकासकट हाती लावला. वाहक फॉस्फेट एकट्याने आत ओढत नाही. पेशीच्या मागच्या बाजूचा सोडियम-पोटॅशियम पंप रात्रंदिवस सोडियम बाहेर फेकत असतो, त्यामुळे आत सोडियमचा कायम दुष्काळ. नळीतलं सोडियम उतारावरच्या पाण्यासारखं आत धावतं आणि त्याचं बोट धरून फॉस्फेट आत येतं. २-ए एका फॉस्फेटमागे तीन सोडियम घेतो, २-सी दोन. उंदरात जवळजवळ ७० टक्के काम २-ए करतो. माणसात २-सीला आम्ही समजत होतो त्यापेक्षा बरंच महत्त्व निघालं: २-सीचं जनुक बिघडलेल्या मुलांना मुडदूस होतो, आणि सोबत लघवीत कॅल्शियमही भरपूर जातं.

इथपर्यंत पुस्तकात आहे. विद्यार्थी अडखळतात ते पुढे. त्यांना वाटतं, हार्मोन आलं की वाहक 'बंद' होतो, पंपाचं बटण दाबावं तसा. असं होत नाही. वाहक चालूच असतो. त्याला पृष्ठभागावरून उचलून पेशीच्या पोटात नेतात. विहिरीतली मोटर बंद न करता मोटरच वर काढून घ्यावी आणि भंगारात द्यावी, तसं.

हे बघायचं तर ओपॉसम नावाच्या, पोटाला पिशवी असलेल्या अमेरिकन प्राण्याच्या किडनीतून काढलेल्या पेशी बशीत वाढवतात. प्रयोगशाळेत त्यांना ओके पेशी म्हणतात, आणि नावासारख्याच त्या कह्यात राहतात: फॉस्फेट उचलतात, पॅराथायरॉइड हार्मोनला (फॉस्फेट सोडायला सांगणारं, त्याकडे पुढे येतो) ओळखतात. वाहकाला हिरवं चमकणारं प्रथिन जोडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की पेशीच्या वरच्या अंगावर हिरवे ठिपक्यांचे पुंजके दिसतात. बशीत पॅराथायरॉइड हार्मोनचा थेंब टाका आणि घड्याळाकडे बघत बसा. काही मिनिटांत पुंजके विरळ व्हायला लागतात, तासाभरात हिरवा रंग पृष्ठभागावरून उतरून आत गेलेला असतो. हार्मोन धुऊन टाकलं तरी रंग लगेच परतत नाही, कारण आत गेलेला वाहक तिथल्या पचनकोशात मोडून पडलेला असतो. परत फॉस्फेट उचलायचं तर पेशीला नवा वाहक घडवावा लागतो. नवं प्रथिन बनवणं थांबवणारं औषध बशीत घातलं तर सुधारणा होतच नाही. तुमच्या वहिनींना आठवडे का लागतायत याचं अर्धं उत्तर या बशीत आहे.

आता धागा कुठे सुटतो ते. २-ए वाहकाच्या शेपटीचे शेवटचे तीन दुवे, थ्रिओनिन, आर्जिनिन आणि ल्यूसिन, हे दाव्याच्या टोकासारखे आहेत. आतल्या बाजूला एक खुंटा आहे, त्या प्रथिनाचं नाव एनएचईआरएफ-१, आम्ही बोलताना नुसतं 'नर्फ' म्हणतो. वाहकाचं दावं या खुंट्याला बांधलेलं असतं म्हणून तो झुबक्यावर टिकतो. पॅराथायरॉइड हार्मोन आपल्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या त्याला ओळखणाऱ्या प्रथिनावर, बसलं की आत दोन साखळ्या सुरू होतात, एक सायक्लिक एएमपीची आणि एक प्रोटीन कायनेज सी ची (कायनेज म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारं प्रथिन). दोन्हींचा शेवट या खुंट्यावर फॉस्फेटचा शिक्का मारण्यात होतो, ७७ व्या जागच्या सेरिनवर. शिक्का बसला की गाठ सुटते. मोकळा झालेला वाहक खळग्याकडे सरकतो, खळगा आत वळून बुडबुडा होतो, आणि बुडबुडा पचनकोशाकडे जातो. गंमत बघा, फॉस्फेट सोडण्याचा आदेशसुद्धा फॉस्फेट चिकटवूनच बजावला जातो.

पॅराथायरॉइडच्या चार ग्रंथी मानेत, थायरॉइडच्या मागे, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. त्यांना काळजी कॅल्शियमची. कॅल्शियम उतरलं की त्या हार्मोन सोडतात, हाडातून कॅल्शियम ओढून आणतात, पण हाड मोडलं की कॅल्शियमबरोबर फॉस्फेटही येतं. ते साचू नये म्हणून किडनीला त्याच वेळी निरोप जातो, फॉस्फेट सोड. हे हार्मोन रक्तात काही मिनिटंच टिकतं. निरोप झटपट येतो, झटपट विरतो.

बरीच वर्षं आम्हाला वाटत होतं की एवढ्यावर गोष्ट संपली. पण काही रुग्ण या चौकटीत बसत नव्हते. कॅल्शियम नीट, पॅराथायरॉइड नीट, फॉस्फरस मात्र तळाला. १९५९ मध्ये स्विस बालरोगतज्ज्ञ आंद्रेआ प्रादेर यांनी एका मुलीच्या बरगडीतली गाठ काढल्यावर तिचा मुडदूस बरा झाल्याचं दाखवलं, आणि गाठीतून काहीतरी पाझरत असावं असं सुचवलं. काहीतरी म्हणजे काय, हे पुढची चाळीस वर्षं कळलं नाही. १९८९ मध्ये राल्फ मेयर यांनी फॉस्फरस गळणारा उंदीर आणि धडधाकट उंदीर शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडले, दोघांचं रक्त मिसळू दिलं. धडधाकटाचाही फॉस्फरस उतरला. म्हणजे दोष किडनीत नव्हता, रक्तात फिरणाऱ्या कशात तरी होता. वहिनींच्या घरच्यांना कुणी पुन्हा 'किडनी खराब' म्हणालं तर त्यांना या दोन उंदरांची गोष्ट सांगा.

२००० साली ते 'काहीतरी' सापडलं. एका आनुवंशिक मुडदुसाच्या कुटुंबांत जनुक शोधता शोधता एफजीएफ २३ नावाचं हार्मोन हाती लागलं, आणि पुढच्याच वर्षी तेच गाठींतही सापडलं. ते कोण बनवतं? हाड. हाडाच्या आत चुन्याच्या भिंतीत कोंडून घेतलेल्या पेशी, ज्यांना आम्ही कॉलेजात निवृत्त समजत होतो. त्या बसल्या जागेवरून किडनीला हुकूम सोडतात, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं होतं.

एफजीएफ २३ एकट्याने किडनीच्या दारात उभं राहिलं तर कुणी ओळखत नाही. त्याला क्लोथो नावाचा जोडीदार लागतो. आपल्याकडे सटवाई कपाळावर आयुष्य लिहिते, तशी ग्रीकांकडे आयुष्याचा धागा कातणारी क्लोथो. १९९७ मध्ये जपानमध्ये माकोतो कुरो-ओ यांना असे उंदीर मिळाले की जे एक जनुक बिघडल्याने लवकर म्हातारे होऊन दोनेक महिन्यांत मरत. म्हणून जनुकाला हे नाव. नंतर एफजीएफ २३ नसलेले उंदीर तयार केले तर ते अगदी तसेच दिसले, दोघांच्या रक्तात फॉस्फेट तुंबलेलं. २००६ मध्ये कोडं सुटलं: क्लोथो हे एफजीएफ २३ चं सहग्राही आहे, दोघं मिळून दार उघडतात. आत शिरल्यावर वाट वेगळी, ईआरके आणि एसजीके-१ नावाच्या कायनेजांची, पण पोहोचायचं ठिकाण तेच. नर्फचा खुंटा, शिक्का, सुटलेलं दावं, आत गेलेला वाहक. पॅराथायरॉइडचा हुकूम मिनिटांत लागू होतो, हाडाच्या हुकुमाला तास लागतात, पण तो मुक्कामाला येतो.

दोन्ही हार्मोन फॉस्फेट सोडायला सांगतात, मग फरक कुठे? ड जीवनसत्त्वात. पॅराथायरॉइड हार्मोन किडनीला ड चं कार्यक्षम रूप, म्हणजे कॅल्सिट्रिऑल, जास्त बनवायला लावतं. एफजीएफ २३ ते बनवणं दाबतं आणि बनलेलं मोडायलाही लावतं. कॅल्सिट्रिऑल आतड्यातून फॉस्फेट आणि कॅल्शियम ओढायला मदत करतं. म्हणून एफजीएफ २३ चढलं की दुहेरी मार: लघवीतून जातं आणि पोटातून येतही नाही. रिपोर्ट वाचताना माझी नजर आधी इथेच जाते.

आता वहिनींकडे येऊ. लोहाचा आणि हाडाच्या या हार्मोनचा संबंध काय?

हाडाच्या पेशी एफजीएफ २३ बनवतात आणि त्यातलं बरंचसं बाहेर सोडण्याआधी स्वतःच कापून निकामी करतात. शरीरात लोह कमी झालं की उत्पादन वाढतं, पण कापणंही तेवढंच वाढतं, त्यामुळे अखंड, काम करणारं हार्मोन बेतातच राहतं. वहिनींचं हिमोग्लोबिन ६.८ असताना त्यांच्या हाडांचा कारखाना असाच दुप्पट वेगाने चालला असणार. अशा वेळी फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज दिलं की कापण्याचं काम अडतं, बहुधा त्यातल्या साखरेच्या कवचामुळे. अखंड हार्मोनचा लोंढा एका दिवसात रक्तात येतो. फॉस्फरस पुढच्या दोनेक आठवड्यांत तळाला जातो. दोष लोहाचा असता तर सगळ्याच लोहाच्या इंजेक्शनांनी तो झाला असता. २०२० मध्ये अमेरिकेतल्या दोन चाचण्यांत या औषधाची तुलना फेरिक डेरिसोमाल्टोजशी केली: पहिल्या औषधाने सुमारे ७५ टक्के लोकांचा फॉस्फरस २ च्या खाली गेला, दुसऱ्याने सुमारे ८ टक्के लोकांचा. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. ज्यांचं आधीच ड कमी, खाणं तुटपुंजं, किंवा बाटल्यांमागून बाटल्या लागतात, ते अडकतात.

औषध वाईट आहे असं मी म्हणत नाही. हिमोग्लोबिन ६.८ असलेल्या बाईला लोह हवंच होतं, आणि एका बैठकीत एवढं लोह देणारी औषधं फार नाहीत. माझी तक्रार एवढीच, की बाटली लावताना कुणी फॉस्फरस बघत नाही, आणि नंतर थकवा आला की 'रक्त अजून कमी असेल' म्हणून तिसरी बाटली लावतात.

तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टवर एक गणित करू, घरी करता येतं. रक्तात फॉस्फरस १.४, क्रिएटिनिन ०.७. त्याच वेळच्या लघवीत फॉस्फरस ४२, क्रिएटिनिन ८४. लघवीचा फॉस्फरस गुणिले रक्ताचं क्रिएटिनिन, म्हणजे २९.४. त्याला रक्ताचा फॉस्फरस गुणिले लघवीचं क्रिएटिनिन, म्हणजे ११७.६ ने भागा. उत्तर ०.२५. गाळलेल्यातला २५ टक्के फॉस्फरस वाया जातोय. रक्तात इतका कमी असताना किडनीने चिंधीसुद्धा सोडायची नसते, ५ टक्क्यांच्या आत राहायला हवं. उरलेला ७५ टक्के, म्हणजे ०.७५, त्याला १.४ ने गुणलं की १.०५. हा किडनीचा उंबरठा: रक्तातला फॉस्फरस याच्या वर गेला की लघवीत सांडायला लागतो. मोठ्या माणसात तो साधारण अडीचच्या वर असतो. म्हणजे हुकमाने उंबरठाच निम्म्याहून खाली उतरवलाय. तुम्ही कितीही फॉस्फरस वरून ओता, एकच्या आसपास आला की बाहेर. ही आकडेमोड उंबरठा थेट मोजणाऱ्या वॉल्टन-बायवूट तक्त्यावरून, १९७५ चा आहे तो, आणि इतक्या वर्षांत त्याला पर्याय लागलेला नाही. परत उचललेला वाटा ८६ टक्क्यांच्या वर असेल तर साधा गुणाकार चालत नाही, वेगळं सूत्र लावावं लागतं. इथे ७५ आहे म्हणून सुटलो.

नमुना मात्र सकाळी उपाशीपोटी, रक्त आणि लघवी एकाच वेळी. फॉस्फरस दिवसभरात वरखाली होतो, दुपारी जेवून घेतलेला नमुना फसवतो.

वहिनींचं ड १४ आणि पॅराथायरॉइड हार्मोन वाढलेलं आहे हे बघून तुम्ही विचारलंत की मग कारण पॅराथायरॉइड का नाही. प्रश्न बरोबर आहे. क्रम असा लागतो: एफजीएफ २३ ने कॅल्सिट्रिऑल दाबलं, कॅल्शियम थोडं उतरलं, पॅराथायरॉइड जागी झाली, आणि तिनेही किडनीला तोच निरोप धाडला. एफजीएफ २३ ओसरू लागलं तरी हा दुसरा निरोप चालू राहतो. एकावर एक दोन हुकूम. त्यात ड आधीपासून कमी. वर्षातले आठ महिने ऊन असलेल्या नाशिकमध्ये ड १४ कसं, असं लोक विचारतात; बाई सकाळी सातला स्वयंपाकघरात आणि रात्री दहाला स्वयंपाकघरात असेल तर ऊन कुठून लागणार.

आता कुजलेल्या दरवाजाचा प्रकार. टेनोफोव्हिर, आयफोस्फामाइड अशी काही औषधं नळीच्या त्या पेशीलाच इजा करतात. तेव्हा फॉस्फेटबरोबर ग्लुकोज, युरिक ॲसिड, बायकार्बोनेट, अमिनो आम्लं सगळंच सांडतं. म्हणून लघवीत साखर आहे का हे बघायचं, रक्तातली साखर नॉर्मल असताना. वहिनींच्या लघवीत साखर नाही, बायकार्बोनेट २४, पोटॅशियम ४.२. फक्त फॉस्फेट जातोय, म्हणजे पेशी निवडून सोडतेय. बिघडलेली पेशी निवड करत नाही. एक सावधगिरी: हल्ली डापाग्लिफ्लोझिन (लघवीतून साखर मुद्दाम सोडायला लावणारी मधुमेहाची गोळी) इतक्या लोकांना चालू असतं की लघवीतल्या साखरेची ही खूण त्यांच्यात निकामी झाली आहे. गोळ्यांची पिशवी उघडून बघितल्याशिवाय मी बोलत नाही.

माझी एक चूक इथे सांगतो, ओळख बदलून. बऱ्याच वर्षांपूर्वी द्राक्षबागेत छाटणीचं काम करणारे एक गृहस्थ आले होते. बदकासारखी डुलत चाल, जमिनीवरून उठताना टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून, आधी गुडघ्यावर, मग मांडीवर हात टेकत, असे उठले. क्रिएटिनिन १.१. किडनी ठीक आहे असं सांगून, ड ची इंजेक्शनं लिहून मी त्यांना परत पाठवलं. दोनदा. फॉस्फरस मी मागवलाच नव्हता. दीड वर्षाने माझ्याकडच्या शिकाऊ डॉक्टर मुलीने मागवला, १.३ आला. एफजीएफ २३ चढलेलं. मुंबईला स्कॅन झाला आणि डाव्या टाचेजवळ सुपारीएवढी गाठ निघाली. ते तिला कुरूप समजून चपलेत फडकं घालून चालत होते. गाठ काढल्यावर आठवड्याभरात फॉस्फरस चढला. काही महिन्यांनी ते भेटायला आले ते चालत, हातात द्राक्षांची पेटी घेऊन. ती पेटी मी शिकाऊ मुलीला दिली. तेव्हापासून हाडं दुखणाऱ्या माणसाचा फॉस्फरस मागवल्याशिवाय मी त्याला उठू देत नाही.

वहिनींना गाठ शोधत बसायची आत्ता गरज नाही, कारण हुकूम कुणी दिला याचा साक्षीदार दोन बाटल्यांच्या रूपात समोर आहे. तीन-चार महिन्यांनीही फॉस्फरस वर आला नाही तर मात्र शोधायचं, आणि तेव्हा 'अखंड' एफजीएफ २३ मोजणारी तपासणी मागायची. तुकडे मोजणारी तपासणी लोह कमी असलेल्या माणसात उगाच वाढलेली दिसते.

उपचाराचं. पहिलं, फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज पुन्हा नको. लोह लागलंच तर दुसऱ्या प्रकारचं. दुसरं, पाळीचा रक्तस्राव का होतोय याचा निकाल स्त्रीरोगतज्ज्ञांकडे लावा, नाहीतर सहा महिन्यांत हिमोग्लोबिन परत तिथेच. तिसरं, नुसत्या फॉस्फेटच्या पुड्यांनी भागत नाही. एकदम जास्त फॉस्फेट दिलं तर कॅल्शियम क्षणभर उतरतं, पॅराथायरॉइड चिडते आणि दिलेलं फॉस्फेट आणखी जोरात बाहेर काढते. शिवाय जुलाब होतात. म्हणून थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा विभागून, आणि सोबत कॅल्सिट्रिऑल. कॅल्सिट्रिऑल म्हणजे एफजीएफ २३ ने अडवलेला माल आपण मागच्या दाराने पोहोचवणं. मात्रा तुमच्या डॉक्टरांनी ठरवायची, इथे आकडे देणार नाही. साठलेलं ड वेगळं भरून काढायचं. फॉस्फरस १ च्या खाली गेला, श्वास लागला किंवा लघवी चहासारखी झाली तर घरी थांबू नका. तेव्हा स्नायू फुटायला लागलेले असू शकतात आणि फॉस्फेट शिरेतून द्यावं लागतं.

खाण्याचं विचाराल म्हणून: पाव लिटर दुधात साधारण सव्वादोनशे मिलिग्रॅम फॉस्फरस असतो आणि तो चांगला शोषला जातो. बाजरी, तूर, शेंगदाणे यांत भरपूर असतो, पण फायटेट नावाच्या, आपल्याला नीट न पचणाऱ्या पदार्थात अडकलेला, त्यामुळे निम्माच हाती लागतो. दूध, ताक, पनीर, चालत असेल तर अंडी आणि मासे. कोल्ड्रिंकच्या बाटलीत फॉस्फरिक आम्ल असतं हे तुम्हाला ठाऊक आहे, पण त्या मार्गाने जाऊ नका.

एफजीएफ २३ ला थेट पकडणारं प्रतिपिंड, बुरोसुमॅब, २०१८ पासून आनुवंशिक मुडदुसाच्या मुलांसाठी वापरात आहे. महाग आहे, आणि वहिनींच्या बाबतीत त्याची गरज नाही. औषधाचा अंमल ओसरला की हाड परत कापायला लागतं.

बाकीची हार्मोनं चार ओळींत. वाढीचं हार्मोन आणि इन्सुलिन किडनीला फॉस्फेट धरायला सांगतात, म्हणून वाढत्या मुलांचा आकडा वर. स्टेरॉइड आणि डोपामिन सोडायला सांगतात. आणि पेशीला कुणाच्या सांगण्यावाचूनही थोडं कळतं: खाण्यात फॉस्फेट कमी पडलं की काही तासांत ती स्वतःहून जास्त वाहक झुबक्यावर आणून बसवते. वहिनींची पेशी आत्ता तेही करू पाहतेय, पण खुंट्यावरचे शिक्के थांबेपर्यंत तिचं काही चालत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत की डायलिसिसवाल्यांचा फॉस्फरस मग उलट वर का. तिथे हुकूम देणारे ओरडून ओरडून थकलेले असतात. एफजीएफ २३ शेकडो पटींनी वाढलेलं, पॅराथायरॉइड वाढलेलं, पण ऐकायला नेफ्रॉनच (गाळणी आणि तिची नळी मिळून एक नेफ्रॉन) उरलेले नसतात, आणि उरलेल्यांत क्लोथो आटलेलं असतं. गंमत अशी की किडनी जवळजवळ तीन चतुर्थांश जाईपर्यंत फॉस्फरस नॉर्मल दिसतो, कारण उरलेला प्रत्येक नेफ्रॉन आपल्या वाट्यापेक्षा जास्त सोडत असतो. म्हणून त्या रुग्णात नॉर्मल फॉस्फरस बघून मी निर्धास्त होत नाही. वहिनींचं क्रिएटिनिन ०.७ आहे, त्यांचा या रांगेशी संबंध नाही.

पुढची तपासणी दोन आठवड्यांनी करा: सकाळी उपाशीपोटी फॉस्फरस, कॅल्शियम, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फेटेज, आणि त्याच वेळी लघवीतला फॉस्फरस व क्रिएटिनिन. रात्री फॉस्फेटची पुडी घेतलेली असेल तर कागदावर वेळ लिहून आणा. वरचं गणित तुम्ही स्वतः करून बघा, १.०५ चा आकडा दीडच्या वर सरकला असेल तर पेशीने नवे वाहक घडवायला घेतलेत असं समजा. फॉस्फरसचा आकडा त्याच्या मागून येईल. आणि वहिनींना तोवर जिना चढताना कठडा धरायला सांगा. बरगड्या दाबल्यावर दुखतात त्या अर्थी हाडं कच्ची झाली असू शकतात, पडणं परवडणार नाही. बरगडीचं दुखणं दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर एक्स-रेही काढून घ्या.